प्लास्टर तापलं की गोष्ट संपते

माणसाच्या तोंडावर ओलं प्लास्टर थापलं की त्याला बारा मिनिटं हलता येत नाही. बोलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, आणि हसायचं तर नावच काढू नका, कारण हसलं की गालापाशी साचा तडकतो आणि सगळी मेहनत पाण्यात. बारा मिनिटं म्हणजे काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा झोपून बघावं. तिसऱ्या मिनिटाला नाक खाजतं. पाचव्याला खात्री पटते की आपल्याला इथे टाकून सगळे जेवायला गेलेत. आणि आठव्याला प्लास्टर तापायला लागतं, कोणी विस्तव न लावता, आतल्या आत, एखाद्याचा राग तापावा तसं, आणि भलेभले धडपडून उठून बसतात.

साचेबाईच्या हाताखाली मात्र कोणी उठून बसायचं नाही. कारण ती गोष्ट सांगायची.

तिला सगळे साचेबाईच म्हणायचे. एका जुन्या लाकडाच्या वखारीत एका शिल्पकाराचा स्टुडिओ होता, त्याला सगळे सर म्हणायचे, आणि सरांच्या प्रत्येक मूर्तीचा साचा ती काढायची. तेवीस वर्षं. सरांची नवीन पद्धतीची शिल्पं होती, म्हणजे घोड्यावरचा राजा वगैरे नाही. साध्या माणसांचे चेहरे घ्यायचे, कोणी कंडक्टर, कोणी नर्स, कोणी रद्दीवाला, ते मोठे करायचे, कापायचे, उलटे टांगायचे, आणि लोक समोर उभे राहून मान वाकडी करून म्हणायचे, वा. पण त्याआधी त्या कंडक्टरला कोणीतरी आडवं पाडायला लागतं ना. ते काम साचेबाईचं.

केसांना फडकं, भुवयांना आणि पापण्यांना भरपूर व्हॅसलीन, नाकपुड्या मोकळ्या. मग बादली. प्लास्टर पाण्यात टाकायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही, हे ती नवीन आलेल्या प्रत्येकाला इतक्यांदा सांगायची की वेल्डर तिला चिडवायचा, "साचेबाई, मेल्यावर तुला पाण्यात टाकायचं की पाणी तुझ्यात?" ती म्हणायची, "तू आधी जा, बघून सांग."

आणि मग बोटं. आडव्या पडलेल्या माणसाला ती बजावायची, "एक बोट वर केलं म्हणजे हो, ठीक आहे. दोन म्हणजे नाही, नको, काढा. दोन बोटं दिसली की मी त्या क्षणाला काढणार, मग साचा गेला खड्ड्यात." आणि खरंच काढायची. एकदा एका हवालदाराने सहाव्या मिनिटाला दोन बोटं केली. तिने काढला, सर ओरडले, ती म्हणाली, ओरडा.

पण असं क्वचित व्हायचं, कारण पहिला थर लागला की ती स्टूल ओढून डोक्याशी बसायची आणि सुरू करायची, एक होता राजा. तिचा राजा मोठा सोयीचा होता. उन्हाळ्यात प्लास्टर पटकन धरतं, तेव्हा राजा एका लग्नात आटपायचा. थंडीत धरता धरत नाही, तेव्हा त्याला तीन राण्या कराव्या लागायच्या, एक हरवलेला भाऊ, आणि तरी वेळ उरला तर एक बोलणारी घोरपड. तिचा डावा हात सतत त्या माणसाच्या कपाळावरच्या प्लास्टरवर असायचा. ते तापलं, की राजा जिथे असेल तिथून घरी. युद्धात असला तर युद्ध जिंकलं. विहिरीत पडला असला तर कोणीतरी दोर टाकला. गोष्ट आणि प्लास्टर एकदम संपलं पाहिजे, हा तिचा नियम. एक मिनिटसुद्धा इकडेतिकडे नाही.

अजून दोन नियम होते. एक म्हणजे बादली. काम झालं की बादली ओली आहे तोवर खंगाळायची, मग घराला आग लागलेली का असेना. आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही, दुसऱ्या बादलीत काढायचं, नाहीतर पाइपात दगड बसतो. "आधी बादली, मग जग," असं म्हणायची.

आणि शेवटचा. साच्याखाली ऐकलेलं साच्याखालीच. कारण गोष्ट ऐकता ऐकता काही लोकांच्या बंद पापण्यांतून पाणी यायचं, साचा काढल्यावर आतल्या बाजूला डोळ्यापाशी बारीक भोकं दिसायची, आणि नंतर तोंड पुसता पुसता ते तिला काय काय सांगून टाकायचे. बायकोचं, भावाचं, नोकरीत केलेल्या लबाडीचं. ती ऐकायची, टॉवेल द्यायची, विसरायची. सरांनाही हा नियम माहीत होता. सरांनीच तो एकदा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला होता. हे लक्षात ठेवा.

आता तिची स्वतःची गोष्ट.

तिला एक लेक होती, भिंगरी. खरं नाव शाळेत, घरात भिंगरी, कारण चालायला लागली तेव्हापासून एका जागी टिकली नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आणि भिंगरी तिच्या पोटची नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीची होती.

धाकटीला मूल झालं तेव्हा धाकटी बावीस वर्षांची, मुलाचा बाप पसार, आणि दीड महिन्यांनी ती बाळ मोठीच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "ताई, तू ठेव. मला नको असं नाही गं. मला जमत नाहीये." मोठीने ठेवली. धाकटी दूर कुठेतरी नोकरीला गेली. दोन वर्षं पत्रं आली. मग एके दुपारी ती स्वतःच आली, न कळवता. दारात उभी. दोन वर्षांची भिंगरी तिला बघून घाबरली आणि पळत जाऊन मोठीच्या पायाला चिकटली, आई, आई करत. धाकटी बघत राहिली. मोठीही बघत राहिली. दोघींच्या मध्ये एक उंबरा होता, एवढंच. मोठीला फक्त दोन शब्द बोलायचे होते, आत ये. ते ती बोलली नाही. घशाशी आले आणि तिथेच राहिले. धाकटी म्हणाली, "बरं आहे, मी येईन परत, मावशी म्हणून येईन," आणि गेली. सहा महिन्यांनी तापाने गेली म्हणून कळवणारं पत्र आलं.

हे सगळं तिने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, कारण घरात बसून करायचं काय. सरांना स्वतःचाच चेहरा शिल्पात वापरायचा होता. ते आडवे झाले, तिने थर दिला, स्टूल ओढलं, एक होता राजा म्हणायला तोंड उघडलं आणि राजाच्या जागी धाकटी बाहेर आली. दार, उंबरा, न बोललेले दोन शब्द, सगळं. त्या दिवशी तिचा हात सरांच्या कपाळावर नव्हता. प्लास्टर तापलं, कडक झालं, थंड पडलं, आणि ती बोलतच होती. साचा निघता निघेना. निघाला तेव्हा सरांची अर्धी डावी भुवई सोबत घेऊन निघाला. सर ओरडले नाहीत. रक्ताळलेल्या भुवईवर टॉवेल धरून म्हणाले, "माझ्यापाशी राहील हे." ती त्या दिवसापासून सरांना मनात भाऊ मानत होती. सख्खा असता तरी एवढा मानला नसता.

ती भुवई नंतर नीट उगवलीच नाही. साचेबाईला ती दिसली की उगाच धीर यायचा, आपली गोष्ट तिथे सुखरूप आहे म्हणून.

आता या वर्षी सरांचं सगळ्यात मोठं प्रदर्शन होतं. सात डोकी, प्रत्येक डोकं पुरुषभर उंच, आतून पोकळ, तोंड थोडं उघडं. दोन वर्षं ती त्यांचेच साचे करत होती. मनगटं सुजली, रात्री गरम पाण्याची पिशवी बांधून झोपायची. आत काय असणार असं विचारलं की सर म्हणायचे, "आत गोष्ट असणार. आजच्या शिल्पाने नुसतं उभं राहून चालत नाही, बोललं पाहिजे." तिला बरं वाटायचं. तिला वाटायचं राजा असेल. भिंगरीला तर ती म्हणालीसुद्धा, बघ, माझी घोरपड गॅलरीत जाणार. भिंगरी म्हणाली, "मी माझ्या पाच मैत्रिणींना घेऊन येणारे, उद्घाटनाच्या दिवशी. सगळ्यांना सांगणारे की हे माझ्या आईने केलंय."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी ती गॅलरीत जोड बुजवत होती. तिसरं डोकं एका म्हाताऱ्या पोस्टमनचं होतं. त्याच्या हनुवटीपाशी टवका उडाला होता. ती वाकून तो भरत होती, आणि कोणीतरी मागे बटण दाबलं, आणि पोस्टमनच्या तोंडातून एका बाईचा गोड, शिकलेला आवाज आला. दोन बहिणी होत्या. धाकटीने आपलं बाळ मोठीच्या मांडीवर ठेवलं.

ती हनुवटीवर सुरी टेकवून तशीच वाकून राहिली. प्लास्टर सुरीवर सुकलं.

आवाज सांगत होता. पत्रं. दोन वर्षं. दुपार. दारात धाकटी. पळत जाऊन पायाला चिकटणारी मुलगी. मला नको असं नाही गं, मला जमत नाहीये, हे वाक्य तर जसंच्या तसं, तो गं सुद्धा. आणि मग मोठीने मुलीला उचललं, धाकटीच्या तोंडावर दार लावलं आणि कडी घातली. खट्. कडीचा आवाज फार सुंदर आला होता. पोकळ डोक्यात घुमला.

दोन वर्षं मनगटं सुजवून तिने स्वतःच्या गोष्टीला पेटी करून दिली होती.

सर पलीकडे दिवे लावून घेत होते. ती गेली.

"सर, तिसऱ्यात काय आहे ते?"

"ऐकलंस?" सरांचा चेहरा उजळला, खरंच उजळला, लपवाछपवी नाही. "कसं झालंय? नाटकातल्या बाई आहेत, एका झटक्यात केलं त्यांनी."

"ते माझं आहे."

"तुझं नाव कुठे आहे त्यात? कोणाचंच नाही. दोन बहिणी. जगात दोन बहिणी किती असतील, साचेबाई."

"मी कडी नव्हती घातली."

"काय?"

"त्यात मोठी दार लावते. कडी घालते. मी दार लावलं नव्हतं, सर. मी तुम्हाला सांगितलं होतं."

सरांनी तिच्याकडे एखाद्या विद्यार्थिनीकडे बघावं तसं बघितलं. "अगं, ती तू नाहीस, ते पात्र आहे. दार उघडं ठेवलं की ऐकणारा त्यातून निघून जातो. कुठेतरी काहीतरी बंद व्हायला लागतं. तुला मी काय सांगू, तू तर या कामातली."

"माझी लेक येणारे उद्या."

"येऊ दे की."

"तिला माहीत नाही."

आता सर खरेच चमकले. "अजून सांगितलं नाहीस? मला वाटलं, एवढ्या वर्षांत..." आणि हे तिला कडीपेक्षा जास्त लागलं, कारण ते बरोबर होतं.

"ते काढा, सर. तिसरं बंद ठेवा. सहा बोलू देत."

"सगळीकडे तिसऱ्याचाच फोटो गेलाय. आता नाही काढता येणार." मग जरा थांबून, मऊ आवाजात, "आणि एक सांगू? तू तेवीस वर्षं लोकांना गोष्टी सांगितल्यास. त्या कोणाच्या होत्या? विचारून सांगितल्यास?"

"राजाच्या होत्या," ती म्हणाली. "राजा तक्रार घेऊन येत नाही. मी रोज येते, डबा घेऊन."

सर हसले. त्यांना वाटलं मिटलं. त्यांच्या हसण्याने ती अर्धी भुवई वर गेली, आणि आज पहिल्यांदा तिने तिच्यावरून नजर काढून घेतली. तिने एप्रन काढला, घडी केली, पोस्टमनच्या पायथ्याशी ठेवला आणि निघाली. दारात वेल्डर म्हणाला, "काय साचेबाई, राजा मेला का?" ती म्हणाली, "नाही रे. विकला."

घरी पोचेपर्यंत दुपारचे तीन. तिच्याकडे एक दिवस होता. उद्या भिंगरी पाच मैत्रिणींना घेऊन त्या पोस्टमनला कान लावणार. तिला कळेल का? कळेलच. घरात एक फोटो होता, मावशीचा म्हणून ठेवलेला, आणि भिंगरी काही मूर्ख नव्हती. म्हणजे आजच सांगायचं. पण कसं सांगतात हे? ती पंचवीस वेळा मनात सुरुवात करून बसली. भिंगरी समोर डोळे मोठे करून बसणार, मध्येच बोलणार, विचारणार, रडणार, आणि साचेबाईला समोरासमोर बसून काही सांगायची सवयच नव्हती. तिला फक्त आडव्या माणसाला सांगता यायचं.

आणि तिथेच तिचं चुकलं. पण त्या क्षणी तिला ते देवाने सुचवल्यासारखं वाटलं.

भिंगरी सहा वर्षांची असल्यापासून मागे लागली होती, माझा चेहरा काढ ना. ती दरवेळी काहीतरी सांगून टाळायची, वाढत्या अंगाचा साचा काढू नये, केस गळतात. खरं कारण हनुवटी. भिंगरीची हनुवटी धाकटीची होती, आणि पांढऱ्या प्लास्टरमध्ये, डोळ्यांच्या चमकेशिवाय, ती हनुवटी तेवढी उरली असती.

भिंगरी कॉलेजमधून आली तेव्हा साचेबाईने चटई अंथरून ठेवली होती. "ये, तुझा काढते."

"खरंच? आज काय सूर्य पश्चिमेला? केस गळले तर?"

"गळू देत. लग्नात विग घालू."

भिंगरी खिदळत आडवी झाली. फडकं, व्हॅसलीन, नाकपुड्या. "बोटं माहितीयेत ना?" "अगं, मी तुझी पोरगी आहे," भिंगरी म्हणाली, आणि साचेबाईने घाईघाईने तिच्या ओठांवरून प्लास्टर फिरवलं.

स्टूल ओढलं. डावा हात कपाळावर.

"एक होती मोठी, एक होती धाकटी."

भिंगरीने एक बोट वर केलं, ठीक. राजाच्या जागी बहिणी, चालेल.

ती सांगत गेली. बाळ, मांडी, मला जमत नाहीये. एक बोट वर यायचं ते बंद झालं. मग ती म्हणाली की त्या बाळाला एका जागी बसवत नव्हतं, म्हणून मोठीने त्याला भिंगरी म्हणायला सुरुवात केली.

चटईवर दोन बोटं वर आली.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिने दोन बोटं बघून न बघितल्यासारखं केलं. "श्वास चालू आहे तुझा," ती म्हणाली, "पडून राहा, होतच आलं." बोटं तशीच वर, ताठ. ती सांगत राहिली. पत्रं आली, दोन वर्षं आली, आणि मग एका दुपारी, आणि तेवढ्यात तिच्या डाव्या तळव्याला चटका बसला. प्लास्टर तापलं होतं.

आणि तिच्या तोंडाने, तिला न विचारता, तेवीस वर्षांच्या सवयीने, गोष्ट आवरली. "आणि मग एका दुपारी पत्र आलं, धाकटी तापाने गेली. संपलं."

दार राहिलं. उंबरा राहिला. राजाला घरी आणतात तसं तिने धाकटीला परस्पर मारून टाकलं.

भिंगरीने साचा स्वतःच सोडवला, कडेकडेने, शिकवल्यासारखा, आणि जमिनीवर नीट ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं. तिचा चेहरा लाल होता, कानामागे पांढरं.

"मी दोन बोटं केली होती."

"हो गं, पण—"

"माझं तोंड बंद करून सांगितलंस. वीस वर्षं नाही सांगितलंस, आणि सांगितलंस तेव्हा तोंड बंद करून." आवाज चढलेला नव्हता. "आणखी कोणाला माहितीये?"

साचेबाई खोटं बोलू शकली असती. "सरांना."

"कधीपासून?"

"तू अडीच वर्षांची होतीस."

"म्हणजे त्यांना माझ्या आधी." भिंगरीने बॅग उचलली. "मैत्रिणीकडे जातेय. फोन करू नकोस."

साचेबाई चटईपाशी बसून राहिली. कधीतरी बादलीकडे लक्ष गेलं. खंगाळायची राहिली होती. आत चमचा उभाच्या उभा घट्ट रुतला होता.

दुसऱ्या दिवशी ती उद्घाटनाला गेली नाही. संध्याकाळी पाचला सरांचा फोन आला, मागे गर्दीचा आवाज. "ये ना गं, रुसू नकोस. हे बघ, पत्रकात टाकायला सांगतो, मूळ कथन साचेबाई. बास?"

"माझं नाव साचेबाई नाही," ती म्हणाली.

सर आठवत होते. तिला ते ऐकू येत होतं, ते आठवणं. तिने जरा वेळ दिला, पुरं एक मिनिट, मग फोन ठेवला.

सातला दार वाजलं. भिंगरी. एकटी, मैत्रिणी नाहीत. कानामागे अजून कालचं प्लास्टर. चप्पल न काढता आत आली आणि म्हणाली, "मी तिसरं डोकं तीनदा ऐकलं."

साचेबाईने स्टूल तिच्यापुढे सरकवलं.

"त्यात दार आहे. धाकटी आलेली असते. तू मला दाराचं सांगितलंच नाहीस."

"प्लास्टर तापलं," साचेबाई म्हणाली, आणि म्हणताना तिला कळलं आपण काय बोललो ते.

"सरांचं नव्हतं तापलं? त्यांची अर्धी भुवई गेली तरी तू बोलत होतीस, ही गोष्ट तर तूच मला हसत हसत सांगितलीयेस, फक्त काय बोलत होतीस ते सोडून. त्यांच्यासाठी भुवई गेली तरी चाललं. माझ्यासाठी दोन मिनिटं जास्त नव्हती?"

"बस. आता सांगते. सगळं सांगते."

"नको." भिंगरीने हात वर केला. "तू सांगायला लागलीस की गोष्ट होते. कुठे राजा घुसेल सांगता येत नाही. त्यांनी कडी घातली, तू दारच काढून टाकलंस. मी कोणाचं खरं धरू? झोप."

"काय?"

"आडवी हो. चटईवर."

साचेबाईने शेकडो लोकांना आडवं पाडलं होतं. स्वतः कधी पडली नव्हती. छत किती लांब असतं तिथून. भिंगरीने तिच्या केसांना फडकं बांधलं, भुवयांना व्हॅसलीन लावलं, बोटं गार होती आणि जरा जास्तच जोरात. नवीन बादली आणली, पाणी घेतलं, पाण्यात प्लास्टर टाकलं, बरोबर, पण घाईत. पातळ झालं होतं. हे धरायला वीस मिनिटं घेईल, साचेबाईला सांगायचं होतं, पण तोवर ओठ बंद झाले.

अंधार. ओलं. स्वतःच्या श्वासाचा मोठा आवाज.

"एक बोट हो. दोन बोटं नाही," भिंगरी डोक्यापाशी म्हणाली. "तिसरं बोट नाहीये. तो आली होती?"

भिंगरी घाबरली की लहानपणासारखे शब्द चुकायची. साचेबाईने एक बोट वर केलं.

"ती आली होती," भिंगरीने स्वतःच दुरुस्त केलं. "बरं. तू दार लावलंस?"

दोन.

"कडी?"

दोन. चटकन, ताठ.

"आत ये म्हणालीस?"

नाक खाजत होतं. प्लास्टर गालावरून कानाकडे ओघळत होतं. या प्रश्नाला किती काही जोडता आलं असतं, घसा, उंबरा, तुझे हात माझ्या पायाभोवती किती घट्ट होते ते. जोडायला काहीच नव्हतं. दोन बोटं.

डोक्यापाशी स्टूल करकरलं.

"म्हणायला सुचलं नाही?"

दोन.

"म्हणजे सुचलं होतं. आणि म्हणाली नाहीस." नाक ओढल्याचा आवाज. "कारण मी तिच्याकडे गेले असते म्हणून?"

साचेबाईने एक बोट वर केलं. ते खाली घेतलं नाही. हात दुखायला लागला तरी नाही. तिच्या पापण्यांतून पाणी आलं आणि तिला चांगलं माहीत होतं की साच्याच्या आत डोळ्यापाशी आता बारीक भोकं पडणार, आणि भिंगरीला ती दिसणार.

"हे सरांना कळलं नाही," भिंगरी हळू म्हणाली. "त्यांनी उगाच कडी घातली."

मग स्टूल सरकलं. पावलं. दूर. दार वाजलं की नाही हे कळेना, एका कानात प्लास्टर गेलं होतं. साचेबाई तशीच पडून राहिली. कपाळावर कोणाचा हात नव्हता. सगळे आपल्याला टाकून गेले असं वाटतं म्हणतात ते किती खरं वाटतं, हे तिला आता कळत होतं. तिला उठता आलं असतं. साचा अजून ओला होता, सहज निघाला असता. पण दोन बोटं केल्याशिवाय उठायचं नाही, आणि दोन बोटं बघायला कोणी असेल तरच करायची. ती पडून राहिली. आठ मिनिटं झाली असतील, दहा, काही तापेना. पातळ होतं ते. पोरीने पाणी जास्त घातलं होतं.

मग लांबून, भिंतीपलीकडून, तिला आवाज आला. नळ. पाणी बादलीत पडत होतं, आणि कोणीतरी हाताने तिची कड घासत होतं, गोल गोल, जोरात. मग पाणी ओतल्याचा आवाज. साचेबाईने श्वास धरून ऐकलं. मोरीत नाही. दुसऱ्या बादलीत.